अळणी जिभेचा पहारा

धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतं, त्यावर वीज तयार होते आणि मग ते समुद्राला मिळतं. हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मी भूगोलाची शिक्षिका आणि शाळा धरणाच्या अलीकडच्या गावात, त्यामुळे शिकवताना आवाजात जरा तक्रार असायचीच. गावं आमची बुडाली, पाणी आमचं गेलं, आणि शेवटी मिळालं कुणाला, तर समुद्राला! पोरं मुकाट्यानं वहीत उतरवून घ्यायची. एकानंही कधी हात वर केला नाही.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी वैशालीचा फोन आला. दहावीला माझ्या वर्गात होती, मागच्या बाकावर बसून चिंचा खाणारी. लग्न होऊन खाली रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका वाडीत गेली, आणि आता तिथल्या नळपाणी योजनेची मोटर तीच चालवते. म्हणाली, "बाई, ते पाणी समुद्राला मिळायच्या आधी माझ्या मोटरला मिळतं. कधी बघायला येताय?"

गेले. वाडीचं नाव लिहीत नाही, नदीचंही नाही. त्या पोरीला आधीच बोलणी कमी बसलेली नाहीत. दिवस मात्र तिथल्याप्रमाणे तिथीनं लिहिते, कारण तिथं घड्याळापेक्षा तिथीला जास्त विचारतात.

एकादशी

सावर्ड्याच्या बाजारात वैशाली स्कूटी घेऊन उभी होती. मी माहेरची भेट म्हणून ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा नेला होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी येईल, अशी आपली माझी कल्पना. तिनं ठेच्याची बरणी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाई, हे माळ्यावर ठेवू हां. खारट काही दिसलं की अण्णा नुसते बघत बसतात."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. त्यांच्या किडन्या निम्म्याहून गेलेल्या, मीठ पूर्ण बंद. आणखी बिघडलं तर आठवड्यातून दोनदा चिपळूणला डायलिसिसच्या मशीनवर घालावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. हे सगळं तिनं गाडी चालवता चालवता, मान मागे वळवून सांगितलं. मी जीव मुठीत धरून बसले होते.

वाटेत दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, झाडांखाली पेट्या भरायची घाई. एका वळणावर नदी दिसली आणि मी ओरडले, "थांबव गं गाडी!" चैत्र वद्यातली एकादशी, ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. आमच्याकडे या दिवसांत नदीच्या पात्रात क्रिकेटच्या स्पर्धा भरतात, खोटं नाही सांगत.

"ही भरली कशी?" मी विचारलं.

"मुंबईत उकडतंय ना बाई! पंखे, एसी सगळं जोरात. तिकडं वीज लागली की वर मशीन फिरतात, मशीन फिरली की इथं पाणी. सकाळ-संध्याकाळ चढतं, दुपारी ओसरतं. म्हशीसुद्धा वेळ बघून पात्रात उतरतात."

घरी अण्णा अंगणात जाळं विणत होते. त्यांचा जन्म खाडीच्या तरीवर नाव चालवण्यात गेला. पूल झाला आणि नाव थांबली. मला बघून म्हणाले, "या बाई. तुमचाच पानी पितो आमी. बसा."

जेवायला तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, कालवण आणि तांदळाची भाकरी. अण्णांच्या ताटात अळणी भात आणि अळणी दुधी. ते एकेक घास असा चावत होते, की मी माझी कालवणाची वाटी हळूच मागे सरकवली. वैशालीचा नवरा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात असतो, पंधरा दिवसांनी येतो. बाकी घर, सासरे आणि वाडीचं पाणी तिच्यावर.

भांडी घासताना तिनं गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. वाडी जिथं आहे तिथं नदी संपून खाडी सुरू होते. वरून धरणाचं गोडं पाणी येत असतं तोवर खाडीचं खारं पाणी खालीच थांबतं. वरचं पाणी बंद झालं की भरतीला खारं पाणी वर चढतं. गेल्या वैशाखात असंच झालं, आणि ती माहेरी गेलेली असताना बदली माणसानं मोटर चालू ठेवली. खारट पाणी टाकीत गेलं. फार नाही, इतकं थोडं, की सुकटीला आणि लोणच्याला सरावलेल्या जिभांना पत्ताच लागला नाही. फक्त अण्णा पहिल्या घोटाला म्हणाले, "चाय खारा लागतो." आणि अख्ख्या वाडीनं त्यांना वेड्यात काढलं. म्हातारा चोचले करतो, म्हणाले. त्याच पाण्याचा चहा, त्याच पाण्याची पेज, आठ दिवस. नवव्या दिवशी अण्णा सुजले आणि दवाखान्यात गेले.

"परत आले तेव्हापासून," वैशाली म्हणाली, "अण्णांनी चाखल्याशिवाय मी बटण दाबत नाही. शंका आली की पाणी त्यांच्याकडे न्यायचं. ते चूळ भरून थुंकतात, गिळत नाहीत. दोन वर्षं मीठ नाही ना जिभेला, चिमूट जरी असलं तरी कळतं त्यांना."

"आणि मीटर? पाण्यातलं मीठ मोजायचं मिळतं की."

"होतं. नदीत पडलं. दुसरं मागवलंय."

"कधी?"

"मागवलंय, बाई," ती म्हणाली आणि भांडी जोरात आपटली.

द्वादशी

सकाळी पंपघर पाहिलं. नदीच्या पात्रात गोल विहीर, तिच्यापर्यंत जायला लोखंडी पूल, काठावर मोटरची खोली. विहिरीतून पाणी वर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, टाकीत जातं आणि तिथून वाडीत. वैशालीनं एक जुनी सरबताची बाटली दाखवली. गळ्याला दगड बांधलेला, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी सोडायची आणि मग बुचाची दोरी ओढायची.

"वरचं पाणी चाखून चालत नाही," ती म्हणाली. "खारं पाणी जड, ते खालून सरपटत येतं. वर गोडं दिसतं आणि मोटर तर तळाचं ओढते."

मी हे शिकवलं होतं का, मला आठवेना. शिकवलं असेल तर या पोरीनं मागच्या बाकावरूनही ऐकलं होतं म्हणायचं.

पण मास्तरकीची खोड जात नाही. दुपारी मी तीन पेले भरले, एकात मिठाचे चार खडे विरघळवले आणि अण्णांसमोर ठेवले. अण्णा हसले. "परीक्षा घेताव काय माझी?"

"घेते. शितावरून भाताची परीक्षा."

त्यांनी पहिल्या पेल्याची चूळ भरून थुंकली. दुसऱ्याची. तिसऱ्याची. मग परत दुसरा पेला घेतला, परत तिसरा. मला वाटलं, म्हातारा उगाच भाव खातोय. शेवटी तिसऱ्याकडे बोट केलं. बरोबर होतं. मी टाळ्या वाजवल्या, वैशालीनंही वाजवल्या, आणि अण्णा शाळेत पहिला नंबर आल्यासारखे ताठ बसले.

मग रंगात येऊन जुन्या गोष्टी निघाल्या. धरण नव्हतं तेव्हा नदी होळीलाच आटायची. खाडी वर चढू नये म्हणून पौषात सगळी वाडी मिळून नदीला आडवा बांध घालायची, दगड, माती आणि झाडाच्या फांद्या घालून. घरटी एक माणूस, तीन दिवस. न येणाऱ्याला नारळाचा दंड.

"मंग धरणाचा पानी आला," अण्णा म्हणाले. "बारमास नदी भरलेली. खाडी पार मागं गेली. बांध कोन घालतो? दगडसुदा लोकांनी घराभोवती गडगे घालायला नेले."

"आणि आता वरचं पाणी थांबलं तर?"

"तर काय? खाडी वाट विसरली नाय."

संध्याकाळी वैशालीच्या फोनवर पंचायतीचा निरोप आला. वीजघर दुरुस्तीसाठी तीन दिवस बंद, पाण्याचा साठा करून ठेवावा. तिनं निरोप दोनदा वाचला, मग भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं. तीन दिवस म्हणजे थेट अमावास्या आणि अमावास्येला सगळ्यात मोठी भरती. मला हे समजायला एक क्षण लागला. अण्णांना लागला नाही. त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं.

त्रयोदशी

सकाळी उठून बघते तर नदी गेलेली. म्हणजे पाणी होतं, पण पात्राच्या मधोमध, आमच्याकडच्या ओढ्याएवढं. शेवाळलेले दगड उघडे पडले होते आणि चिखलाचा वास वाडीत पसरला होता. काल जिथं बोट लागत होती तिथं बगळे चालत होते. धरणाच्या अलीकडे राहून मी कधी विचारच केला नव्हता की तिकडं एक खटका बंद झाला की इकडं एका रात्रीत अशी नदी उतरेल. मला भीती वाटली, खरंच सांगते.

वैशाली पहाटेपासून पंपघरात होती. भरतीचा हिशेब अण्णांनी दिला: तिथीची पाऊणपट. तेरावी तिथी, म्हणजे समुद्रावर पावणेदहाला पूर्ण भरती, आणि इथवर चढायला वर दोन तास. साडेदहालाच तिनं मोटर बंद केली. टाकी काठोकाठ भरली होती. ती टाकी वाडीला एरवी दीड दिवस पुरते, आता तीन दिवस पुरवायची होती.

घरोघर जाऊन तिनं सांगितलं, दिवसातून एकदा पंधरा मिनिटं पाणी. बायका कुरकुरल्या पण घागरी मोजून घेऊन गेल्या. मग दत्ताराम आला. हा पंचायतीचा सदस्य, पन्नाशीचा, आवाज मोठा. त्याच्या मुलीची हळद अमावास्या उलटली की दुसऱ्या दिवशी, आणि मुंबईची पाहुणेमंडळी घरात येऊन बसलेली.

"पंदरा मिंटांत माझी चाळीस माणसां आंघोळ करतील काय, वैशाली? मी काय त्यांना खाडीत बुडवू?"

"टँकर मागवा की, दत्ताभाऊ."

"मागवला. तो म्हनतो, तुमच्या उतारावर गाडी घालनार नाय."

तो माणूस वाईट नव्हता, हे लिहून ठेवते. बोलताना सारखा रुमालानं तोंड पुसत होता आणि त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. लेकीच्या लग्नात पाहुण्यांना पाणी पुरलं नाही तर जन्मभर ऐकावं लागतं, ते आमच्याकडेही तसंच आहे.

चतुर्दशी

हा दिवस मला लवकर विसरता आला तर बरं. दुपारच्या भरतीला खाडी वर आली, ती डोळ्यांनी पाहिली. उघड्या पडलेल्या दगडांमधून पाणी उलट्या दिशेनं सरकत येत होतं, आवाज न करता, एखादं मांजर स्वयंपाकघरात शिरावं तसं. विहिरीला वेढा पडला. ओहोटीला पाणी परत गेलं, पण धुवायला वरून गोडं पाणीच नाही, त्यामुळे विहिरीत खारटपणा राहिला. वैशालीनं मोटरच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

टाकीत जेमतेम हातभर पाणी उरलं होतं. घरात पिण्याचं पाणी अण्णांसाठी वेगळं झाकून ठेवलेलं, त्याला मी हातसुद्धा लावला नाही.

सकाळी अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "लोखंडासारखा लागतो," म्हणाले.

"जुनं पातेलं असेल," मी म्हटलं.

दुपारी भाताला तेच. रात्रीच्या पेजेलाही तेच, आणि ती अर्धी टाकली. पावलं जरा सुजलेली वाटली. वैशालीनं विचारलं तर पाय धोतराखाली ओढून घेतले आणि म्हणाले, "उन्हान् होता गो." तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, अमावास्या होऊ दे, मग डॉक्टरकडे नेऊ. आता वाटतं, तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण तेव्हा सगळ्यांचे डोळे नदीकडे लागलेले.

वैतागून मी तिच्यावरच घसरले. "एवढी शिकलीस ना? मग एका म्हाताऱ्याच्या जिभेवर अख्खी वाडी टांगून ठेवलीस? सावर्ड्याला जाऊन एक मीटर आणता येत नाही?"

ती उसळली. "सावर्ड्याला मिळत नाही, बाई! आणि पंचायतीला तीनदा अर्ज दिलाय, तुमच्यासारख्या सुवाच्य अक्षरात! आणि एक सांगू? गेल्या वर्षी सगळ्यांनी त्यांना खोटं पाडलं. सुजून मरायला टेकले तरी कुणी माफी मागितली नाही. आता वाडी त्यांना विचारते. तेवढ्यावर माणूस उठून बसलाय."

तीस वर्षांत विद्यार्थ्यानं माझं तोंड बंद करायची ही दुसरी की तिसरी वेळ.

अमावास्या

सकाळी सातला निरोप आला: मशीन सुरू. वाडीत एकच गलका झाला. वरून सुटलेलं पाणी इथवर यायला जेवणवेळ होते. आणि पंधराव्या तिथीची पाऊणपट सव्वाअकरा, वर दोन तास, म्हणजे भरतीची वेळही तीच. वरून गोडं आणि खालून खारं, दोन्ही एकाच वेळी त्या विहिरीपाशी भेटणार होती.

टाकी दहाला कोरडी झाली. नळाला नुसती हवा येऊ लागली.

बारापासून माणसं पंपघरापाशी जमली. हंडे, ड्रम, कॅन. अण्णा काठी टेकत स्वतः चालत आले आणि पायरीवर बसले. वैशाली दर अर्ध्या तासानं पुलावर जाऊन बाटली सोडत होती आणि नुसतं बघूनच ओतून देत होती, कारण पाणी अजून खालूनच चढत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

एकच्या सुमारास नदीचा रंग पालटला. वरच्या वळणावरून पाणी आलं, काडीकचरा आणि फेस घेऊन. बघता बघता पात्र भरलं. लोक ओरडले, "इला, इला!" दत्ताराम पुढे झाला. "वैशाली, लाव मोटर. पानी इला ता दिसत नाय काय?"

आणि इथं मी माती खाल्ली. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हणाले, "सातला सुटलं म्हणजे पोचायलाच हवं आता. हिशेब बरोबर आहे." उंटावरची शहाणी! फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलले. दत्तारामाला तेवढंच हवं होतं. "बघ, तुज्या बाई पन सांगतायत. त्यांच्याच धरणाचा पानी हाय."

वैशाली माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं करून पुलावर गेली. बाटली तळाशी सोडली. दोरी ओढली. बाटली वर येईपर्यंत पन्नास माणसं त्या दोरीकडे बघत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. मोटर लावली नाही आणि गोडं पाणी तसंच वाहून गेलं तर वाडी तिला उभी जाळणार. लावली आणि खारं गेलं तर टाकी धुवून निघायला दोन दिवस, आणि पायरीवर बसलेला माणूस मशीनवर नाहीतर त्याच्याही पलीकडे.

ती बाटली घेऊन अण्णांपाशी आली आणि त्यांच्यासमोर वाकून बसली. मी शेजारीच होते. बाकीची माणसं दहा-पंधरा पावलांवर. अण्णांनी तोंडात पाणी घेतलं, गालात फिरवलं, थुंकलं. परत घेतलं. परत थुंकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गोडा हाय. चालू कर."

वैशाली उठली. दोन पावलं गेली. मंगळसूत्रातली किल्ली हातात घेतली आणि थांबली. तिनं बाटलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मी तिचा चेहरा पाहिला. तिनं काही न बोलता बाटली माझ्यापुढे धरली. मीही बोट लावलं. खारट! अगदी उघड खारट, ठेचा खाऊन खाऊन जाड झालेल्या माझ्या जिभेलाही कळावं इतकं. मला लोखंडी चहा आठवला, टाकलेली पेज आठवली, द्वादशीला परत परत घेतलेले पेले आठवले. बिघाड नुसता त्या माणसाच्या जिभेचा नव्हता, त्याच्या रक्तातच बिघडलं होतं, आणि ते आम्हाला दोन दिवस दिसत असून कळलं नव्हतं.

"काय म्हनाले अण्णा?" दत्ताराम ओरडला.

वैशालीनं किल्ली सोडून दिली. लोकांकडे तोंड करून, कुठंही न अडखळता म्हणाली, "अण्णा म्हणतात, अजून खारं आहे. थांबायचं."

"ह्या! मी इथना ऐकला, गोडा म्हनाले ते!"

अण्णा पायरीवर होते. त्यांनी सुनेकडे बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तिनं नजर काढून घेतली नाही आणि त्यांनीही नाही. त्यांना कळलं. तिला कळलं की त्यांना कळलं. मग ते काठीवर जोर देऊन उभे राहिले आणि तरीवरून पलीकडच्या काठाला हाक मारायचे तशा आवाजात ओरडले, "खारा हाय! कानात बोळे घातलेस काय, दत्त्या? खारा म्हनतो तर खारा!"

दत्तारामानं हातातला कॅन जमिनीवर आपटला आणि पाण्याच्या बाटल्या आणायला मोटारसायकल काढून सावर्ड्याकडे गेला. बाकीचे बसून राहिले. अण्णाही बसले. परत माझ्याकडे किंवा वैशालीकडे त्यांनी बघितलं नाही.

तीनला ओहोटी लागली. वरून पाण्याचा लोंढा येतच होता. तो आता खाडीला ढकलत निघाला. चारला वैशालीनं परत बाटली काढली आणि नेहमीसारखी अण्णांपाशी आणली. मला वाटलं, आता काय होणार? अण्णांनी बाटलीला हातच लावला नाही. हळूच म्हणाले, "तूच बघ आता. आनि बाईंना दे."

तिनं चाखलं, मी चाखलं. गोडं. तिनं कुलूप उघडलं, बटण दाबलं, मोटर घरघरली आणि सड्याकडे जाणारा पाइप थरारला. बायकांनी हंडे उचलले. वैशाली मोटरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडली. मी दार लोटून घेतलं, कुणाला दिसू नये म्हणून.

प्रतिपदा

सकाळी अण्णांना चिपळूणला नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी वैशालीला बाहेर बोलावून सांगितलं: आजपासून मशीन. तोंडात लोखंडाची चव, खारट-गोड न कळणं, जेवण नकोसं होणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. "बरं झालं आणलंत," म्हणाले. "आणखी काही दिवस गेले असते तर अवघड होतं."

वैशालीनं नवऱ्याला फोन लावला. तो मिरकरवाड्याहून निघाला. दत्तारामाच्या घरी हळद झाली. पाहुण्यांची आंघोळ झाली की नाही, ते मी विचारलं नाही. तो मात्र संध्याकाळी दवाखान्यात आला, शहाळं घेऊन. शहाळं किडनीच्या माणसाला चालत नाही, असं नर्सनं सांगितल्यावर बिचारा ते हातात धरून दाराशी उभा राहिला.

माझी परतीची गाडी चिपळूणहूनच होती. निघण्यापूर्वी अण्णांपाशी गेले. हाताला नळी, शेजारी मशीन. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलेत. मी पाऊल मागे घेतलं तशी त्यांनी डोळे उघडले आणि आजूबाजूला वैशाली नाही, हे बघून घेतलं.

"बाई, येक विचारू? खरा सांगा."

"विचारा ना."

"काल दुपारी ता पानी... किती खारा होता?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. थोडंसंच, म्हणणार होते. पण त्या माणसानं पन्नास माणसांसमोर एवढ्या मोठ्या आवाजात स्वतःलाच खोडून काढलं होतं, आणि त्याला मी कमी सांगावं हे मला जमेना.

"खूप होतं, अण्णा," मी म्हटलं. "पोरासोरांनाही कळलं असतं, इतकं."

त्यांनी छताकडे बघितलं. मग मान हलवली.

"मंग बरा झाला," म्हणाले. "पोरीन् माझा ऐकलान नाय."